पॅकिंग खात्यातली सुनीतं

बी.ए.चा अभ्यास मी नोकरी सांभाळून घरी करत होते, आणि इंग्रजीला नेमलेल्या कविता संक्रांतीच्या आत उरकायच्या असं ठरवलं होतं. 'उरकायच्या' हाच शब्द बरोबर. कवितेचा मला तेव्हा नाद नव्हता, आजही फारसा नाही. मला कामांची यादी आवडते. सकाळी उठल्यावर दिवसाची कामं कागदावर उतरवायची आणि झाली तशी खोडत जायची, ही सवय पन्नाशीला आले तरी सुटलेली नाही. त्या वेळी 'इंग्रजी कविता' ही ओळ रोजच्या यादीत न खोडता राहायची आणि मला तिचा राग यायचा.

कविता होत्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज बाईच्या. सगळी प्रेमाची सुनीतं. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, कमी नाही आणि जास्तही नाही. पुस्तक मी पुण्याला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं होतं आणि त्याच्या प्रस्तावनेत बाईची हकिगत दिली होती. वर्षानुवर्षं आजारी, खोलीबाहेर फारशी न पडणारी, चाळिशीला टेकलेली. मुलांपैकी कुणी लग्न करायचं नाही, असा वडिलांचा दंडक. तशात तिच्याहून वयानं लहान असलेल्या एका कवीनं तिला मागणी घातली. तिनं घरच्यांना न सांगता लग्न केलं आणि त्याच्याबरोबर देश सोडला. वडिलांनी पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही. मागणी आणि लग्न यांच्या मधल्या काळात तिनं ही सुनीतं लिहिली, आणि छापताना मात्र ती परक्या भाषेतून भाषांतर केल्याचं भासवलं.

एवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि धुणं भिजवायला गेले.

पुस्तक मिटायला कारण होतं. मी विधवा होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला, सासरी राहण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा दादानं मला पिंपरीला आणलं. तो तिथल्या औषधांच्या नव्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. कॉलनीत त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. एकीत तो, वहिनी आणि त्यांचं बाळ, दुसरीत स्वयंपाक आणि मी. त्याच्या ओळखीनं मीही कारखान्यात लागले. आणि हे पुस्तक आणलं त्याच हिवाळ्यात कारखान्यातल्या एका इलेक्ट्रिशियननं मला लग्नाचं विचारलं होतं. दादाचा विरोध होता. मला त्या माणसाला हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि हे काम मी यादीत लिहायलाही धजत नव्हते.

आमच्या पॅकिंग खात्यात पांढरे कोट आणि डोक्याला पांढरी फडकी बांधलेल्या बायका स्टुलांवर ओळीनं बसायच्या. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फळा आणि वर ट्यूबलाइट. औषधाची बाटली उजेडात धरायची, हलकेच फिरवायची, आत काचेचा कण, केस किंवा रबराचा तुकडा दिसला की बाजूला काढायची. नजर स्थिर लागते आणि मन रिकामं लागतं. ट्यूब जरा लुकलुकली तरी डोळे दुखायचे. मग मुकादमीण निरोप धाडायची आणि शिडी घेऊन हा इलेक्ट्रिशियन यायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, तिशी ओलांडलेला. आईवडील नव्हते, लग्न राहून गेलं होतं. बोलायचा थोडं, पण शिडीवर चढला की त्याला बोलणं सुचायचं.

एकदा माझ्या डोक्यावरची ट्यूब बसवत असताना त्यानं खाली न बघता विचारलं, "बाई, तुमच्या दादांकडे येऊन बोललो तर चालेल?"

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

शेजारच्या दोघींनी बाटल्या फिरवायच्या थांबवल्या. मी म्हटलं, "आधी खाली उतरा."

मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या बाहेर त्यानं सरळ सांगितलं. नवीन क्वार्टर्स बांधून होत आल्या होत्या. संक्रांतीनंतर वाटप होतं. एकट्या माणसाला बराकीतच राहावं लागणार, संसार असला तर क्वार्टर. "मी क्वार्टरसाठी विचारत नाही," तो म्हणाला, "पण साहेब विचारतायत, लग्न करणार आहेस का. मला खोटं सांगता येत नाही."

मी त्याला एकच विचारलं. "माझी कीव येऊन विचारताय का?"

तो म्हणाला, "कीव आली असती तर तुमच्या डोक्यावर चांगली ट्यूब लावून दिली असती नि गप बसलो असतो. त्याच्यासाठी लग्न कोण करतं?"

त्या उत्तरावर मी उरलेला दिवस नीट काम केलं, हे मला चांगलं आठवतं.

तो दादाकडे येऊन गेला. दादानं त्याला चहा दिला, त्याचं गाव विचारलं आणि 'कळवतो' म्हणाला. तो गेल्यावर मला म्हणाला, "माणूस वाईट नाही."

"मग?"

"धाकटीचं ठरत आलंय. तू आत्ता दुसरं लग्न केलंस तर ते लोक मागे फिरतील. ते जुन्या वळणाचे आहेत, तुला माहीत आहे."

धाकटी म्हणजे आमची बहीण. नगरला आईजवळ असायची. तिला बघून गेलेल्या लोकांकडून होकार येण्याच्या बेतात होता.

"तिचं झालं की मग करू?" मी विचारलं.

"मग बघू," दादा म्हणाला.

हे 'मग बघू' मला पाठ होतं. सासरी असताना शिक्षणाचं विचारलं तेव्हा हेच उत्तर मिळालं होतं. मी काही दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दादा दुष्ट नव्हता. उलट त्यानं मला घरात ठेवून घेतलं, नोकरी लावली, अभ्यासाला मोकळीक दिली. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. वहिनी मध्ये पडायची नाही. भाकऱ्या थापताना एकदा एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमचे दादा 'मग' म्हणाले की पंचांग संपतं."

त्या दिवसांत मी कविता पुन्हा हातात घेतल्या, कारण परीक्षा थांबत नव्हती.

माझी अभ्यासाची पद्धत साधी होती. गाइड मिळालं नव्हतं. म्हणून प्रत्येक सुनीत चार-सहा साध्या मराठी वाक्यांत मांडायचं. बाई काय म्हणते, कुणाला म्हणते, आणि कशाला म्हणते. स्टोअरला मागणी लिहून देतो तितकं स्पष्ट. मला वाटलं होतं, चंद्र, फुलं, उसासे निघतील आणि काम लवकर संपेल. निघालं भलतंच. सुरुवातीच्या कितीतरी सुनीतांत ही बाई 'नको' म्हणते आहे. माझं आयुष्य आवरून झालं आहे, तू उशिरा आलास, तुझं माझं जमायचं नाही, तू जा. आणि प्रत्येक वेळी नवं कारण देते. मग स्वतःच ती कारणं तपासायला लागते. हे खरं आहे का, की मला भीती वाटते म्हणून मी हे म्हणते? त्याचं बोलणं उजेडात धरते, फिरवून बघते. एका ठिकाणी ती त्याला बजावते, की कीव म्हणून माझ्या जवळ येऊ नकोस. कीव करणारा माणूस बाई सावरली की दुसरीकडे वळतो. हे मी मराठीत लिहून काढलं आणि पेन खाली ठेवलं. मी कॅन्टीनबाहेर विचारलेला प्रश्न विलायतेतल्या एका आजारी बाईनं शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता, आणि तिनं तो माझ्यापेक्षा चांगला विचारला होता.

लोक मला अजून विचारतात की या जुन्या कविता तरुण मुलींना का आवडतात. आज कारखान्यात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुली माझी ती मराठी वाक्यं मागून नेतात, त्यातल्या निम्म्या मुलींना सुनीत म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. माझं उत्तर असं आहे. प्रेमाची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत. ही बाई वर्णन करत नाही, ती निर्णय घेते आणि आपल्याला तो घेताना बघू देते. ज्या बाईला 'तुझं झालं, आता गप बस' असं जगानं सांगितलेलं आहे, ती एकेक पाऊल टाकत 'हो'पर्यंत कशी येते, हे त्यात आहे. घाई नाही, आदळआपट नाही. चौदा ओळींत बसेल तेवढंच बोलायचं, पण त्यात खोटं एक अक्षर नाही. पुढे तर ती आपलं प्रेम किती आणि कसं, याची चक्क मोजदाद करते, आणि तिथे मी तिला मनोमन आपल्यातली म्हणून टाकलं. निर्णय घ्यायची वेळ प्रत्येकीवर येते. म्हणून कविता जुनी होत नाही.

निर्णय मात्र माझा अजून झाला नव्हता. वाचल्यानं धीर येतो, पण धाकटीचं स्थळ वाचल्यानं सुटत नव्हतं.

संक्रांतीला कॉलनीच्या महिला मंडळाचा कार्यक्रम असायचा. कॉलनी नवी, बायका निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या, कुणाचं कुणी नाही. मंडळाच्या अध्यक्षीणबाई एका मोठ्या साहेबांच्या पत्नी होत्या. सुधारक मताच्या, पण बेतानं. शाळेच्या शेडमध्ये आधी हळदीकुंकू, मग करमणूक आणि चहा. हळदीकुंकू आटोपल्यावर मी यायचं, असं कुणी न सांगता ठरून गेलेलं होतं. मी तसं यायची आणि चहाचं बघायची. स्टोव्ह, कप, साखर, दूध, कुणाला बिनसाखरेचा, हे सगळं माझ्याकडे. मला त्याचं वाईट वाटत नसे असं नाही, पण काम नीट व्हायचं.

दूध आणायच्या निगडीच्या मावशी. त्यांच्या घरची चिंचवडपर्यंत शेती होती, म्हशी होत्या, आणि कॉलनीत निम्म्या घरी त्यांचं दूध यायचं. त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायच्या आणि त्यांना काही आवडलं नाही की सांगायच्या.

त्या वर्षी उखाण्यांची फेरी चालली होती. एकेक बाई उभी राहून जुळवलेल्या ओळीत नवऱ्याचं नाव घेत होती. एरवी ज्या बायका जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत, 'आमच्याकडे', 'घरात', 'बाळाचे बाबा' यावर भागवत, त्या तिथे ऐटीत नाव घ्यायच्या आणि बाकीच्या हसायच्या. वहिनीनंही घेतलं. मी मागे कपबशा पुसत होते. फेरी संपली आणि गाणं म्हणणाऱ्या मुलीचा घसा बसल्याचं कळलं. अध्यक्षीणबाईंनी मागे बघितलं.

"अहो, तुम्ही इंग्रजी कवितांचा अभ्यास करता ना? त्यातलं काहीतरी मराठीत सांगा. बायकांना तेवढंच नवीन."

मी म्हटलं, "चहा उकळतोय."

"चहा मी बघते," वहिनी म्हणाली आणि उठलीच.

मी पुढे गेले. ते कीव नको म्हणणारं सुनीत मला पाठ होतं. 'ही एका इंग्रज बाईची कविता आहे, आमच्या परीक्षेला आहे,' असं आधी सांगितलं. परक्या भाषेतलं आहे म्हटलं की काहीही बोलता येतं, हे मी त्या बाईकडूनच शिकले होते. सावकाश, साध्या शब्दांत म्हटलं. पोरंसुद्धा गप्प बसली. संपल्यावर कुणी हललं नाही, टाळ्याही नाहीत, कारण संपलं आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मावशी वाट बघून म्हणाल्या, "बरं, मग?"

"मग काय मावशी? संपलं."

"संपलं? आन् नाव?"

"कुणाचं नाव?"

"नवऱ्याचं. येवढं लांबलचक घेतलं आन् नावच न्हाई. आमी मगाधरनं वाट बघतोय."

बायका हसल्या. अध्यक्षीणबाई समजावू लागल्या, "मावशी, हा उखाणा नाही, ही कविता आहे. इंग्रजीत नाव घालत नाहीत."

"आसं कसं? ती बाय त्याला येवढं बोलली, ते कुणाला? नाव घ्यायला लाजली व्हय?" मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू घे मग तिच्या वतीनं. अर्धवट ठिवू नये."

त्यांच्या ध्यानात नसावं, किंवा असेलही. मी कधी विचारलं नाही. बाकीच्यांच्या मात्र ध्यानात आलं. विधवेला नाव घ्यायला सांगितलं होतं. हसणं थांबलं. कुणीतरी मावशींचा पदर ओढला. अध्यक्षीणबाई घाईनं म्हणाल्या, "चहा घेऊ या आता." आणि मला सुटायला वाट मिळाली होती. नुसतं मागे जाऊन कप भरायला घ्यायचे होते.

मला त्या क्षणी इतकंच दिसलं, की 'मग बघू' म्हणतात ते हेच. आत्ता मागे गेले तर कायमची कपांपाशी राहीन. दादाला पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. इलेक्ट्रिशियनला एकट्याला 'हो' सांगितलं असतं तर ते फिरवता आलं असतं. इथे बोललेलं फिरवता येणार नव्हतं. धाकटीचा विचार आला. तो बाजूला सारला नाही, त्याच्यासकट बोलले.

मी नाव घेतलं. माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाही. नाव आणि आडनाव दोन्ही घेतलं, कुठल्या खात्यात आहे तेही सांगितलं, म्हणजे कुणाचा घोटाळा नको. "आम्ही लग्न करणार आहोत," असंही म्हटलं.

माझ्या रांगेत बसणाऱ्या बायकांपैकी एकीनं दुसरीला हळूच 'शिडीवाला' म्हटल्याचं ऐकू आलं.

मावशी मान हलवत म्हणाल्या, "यमक काय जुळलं न्हाई. पर नाव चांगलं हाय."

मग चहा झाला. काही बायका मी दिलेला कप न घेता गेल्या. काहींनी घेतला, आणि अध्यक्षीणबाईंनी दोनदा घेतला. वहिनी बाळाला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली.

"वन्सं, मी पुढे होते. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत त्यांना मीच सांगायला हवं."

"मी येते ना सांगायला."

"तुम्ही भांडाल. मी सांगते. तुम्ही कप धुऊन या."

कप धुऊन, मोजून, पेटीत ठेवून मी घरी गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा खुर्चीत बसला होता. वहिनी आत बाळाला भरवत होती, आणि ते नेहमीपेक्षा गप्प जेवत होतं.

"सगळ्या कॉलनीसमोर," दादा म्हणाला.

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"दोनदा विचारलं, दादा."

तो म्हणाला, "धाकटीचं स्थळ जाणार. उद्या नगरपर्यंत पोचेल हे."

"जाणार. दुसरं मी शोधीन. ते काम माझं."

"यादी करून शोधशील का?" तो कडूपणानं म्हणाला.

"हो. यादी करूनच."

ते स्थळ गेलंच. मी दुसरं शोधलं, तिसरं शोधलं, आणि त्याला वेळ लागला. मधल्या काळात धाकटी माझ्याशी बोलली नाही. आता ती तिच्या घरी सुखात आहे, माझ्याकडे येते-जाते, पण त्या वर्षाबद्दल तिनं मला काही विचारलेलं नाही आणि मीही काढलेलं नाही. मी तिला त्रास दिला आणि जाणून दिला. त्याला दुसरा शब्द नाही. तरी त्या शेडमध्ये पुन्हा उभी राहिले तर मी तेच करीन, हेही खरं आहे. त्या वर्षी मी इंग्रजीत नापास झाले. परीक्षेत सुनीताच्या रचनेबद्दल विचारलं होतं आणि मी बाईच्या निर्णयाबद्दल लिहीत बसले. पुढच्या वर्षी रचनेबद्दल लिहिलं आणि पास झाले.

पण त्या संध्याकाळी यातलं काही घडलेलं नव्हतं. दादा खुर्चीत होता आणि मी दारात. आतून वहिनी म्हणाली, "अहो, त्या माणसाला तरी माहीत आहे का? का त्यालाही कॉलनीतूनच कळणार?"

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. 'हो' मी सगळ्यांना सांगितलं होतं, त्याला सोडून.

दादा उठला. खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. "कुठल्या पाळीला आहे तो?"

"पहिल्या. आता बराकीत असेल."

"मी जाऊन येतो."

"काय बोलणार आहेस?" मी विचारलं.

"ते मी बघतो," दादा म्हणाला. वहाणा घालताना तो थांबला. "आणि 'मग बघू' म्हणत नाहीये. आत्ता बघतो. तू चहा टाक."

"किती जणांचा?"

"त्यालाही घेऊन येतो," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.